१ जूनची मुले आणि माहितीचा कायदा

ताथवड्याच्या आमच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर, एक शिक्षिका राहतात. जवळच्याच एका शाळेत त्या गणित शिकवतात. मध्यंतरी एका संध्याकाळी त्या हातात दोन पानांचा एक छापील फॉर्म घेऊन आल्या. शाळेने तो सर्व पालकांकडून भरून घ्यायला सांगितले होते आणि वर्गशिक्षिका म्हणून ते काम त्यांच्याकडे आले होते. "सर, नवीन कायदा आलाय म्हणे, त्यासाठी ही संमती लागते. पण मला यातलं काही कळत नाही, पालकांना काय सांगू?"

फॉर्म इंग्रजीत होता. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, रक्तगट, पालकांचे उत्पन्न, छायाचित्रे, हजेरी, बसमध्ये मूल कोठे आहे त्याची नोंद, अशा सतरा गोष्टींची यादी होती. शेवटी एकच वाक्य होते: ही सर्व माहिती शैक्षणिक व इतर कारणांसाठी वापरण्यास माझी संमती आहे. त्याखाली सहीसाठी एकच रेघ.

"बाई, हा कायदा मीही वाचलेला नाही," मी म्हणालो. हे सांगताना मला थोडी लाज वाटली. माझ्या प्रयोगशाळेत माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांवर काम चालते, आणि प्रत्येक नमुन्यामागे कोणाचे तरी वय, गाव, आजार यांची नोंद असते. म्हणजे हा कायदा मलाही लागू होतो. मग तो वाचायला बसलो. पुढे लिहिले आहे ते त्या वाचनातून. मी कायदेपंडित नाही. एखाद्या शोधनिबंधाची तपासणी करावी तसा मी तो तपासला, एवढेच.

कायद्याचे नाव 'डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, २०२३'. त्यात चव्वेचाळीस कलमे आणि दंडाचा एक तक्ता आहे. त्याची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्याच सुमारास न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ काम केलेले हे न्यायमूर्ती १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे आपल्याला परिचित आहेत. समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि कायद्याचा मसुदा दिला. त्यावरून २०१९ साली विधेयक आले, संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. नंतर नव्याने लिहिलेले, बरेच आखूड विधेयक संसदेने संमत केले आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडला. नागरिकांना हक्क देणारी आणि संस्थांवर बंधने घालणारी मुख्य कलमे त्या तारखेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. ही तारीख लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा येणार आहे.

आधी चांगले सांगतो. कायदा वाचता येतो. आपल्याकडच्या कायद्यांत हा गुण दुर्मिळ आहे. वाक्ये लहान आहेत, आणि जुन्या दंडसंहितेत असत तशी मधूनमधून उदाहरणे दिली आहेत. एक उदाहरण असे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे एक अ‍ॅप आहे. ते तुमच्याकडे सल्ल्यासाठी लागणारी माहिती मागते आणि त्याबरोबर तुमच्या मोबाइलमधली सर्व नावे-क्रमांकांची यादीही मागते. तुम्ही दोन्हींना हो म्हणालात, तरी कायद्याच्या दृष्टीने तुमची संमती फक्त पहिल्या गोष्टीपुरती, कारण वैद्यकीय सल्ल्याला ती यादी लागतच नाही. शिक्षकाने फळ्यावर लिहावे असे हे उदाहरण आहे. आणखी एक गंमत. या कायद्यात व्यक्तीसाठी सर्वत्र 'ती' हे सर्वनाम वापरले आहे आणि 'ती' म्हणजे कोणत्याही लिंगाची व्यक्ती, अशी व्याख्याही दिली आहे. आजवर 'तो' मध्ये 'ती' आली असे आपण धरून चालत होतो, येथे ते उलटे केले आहे.

ज्याची माहिती आहे त्याला कायदा 'डेटा प्रिन्सिपल' म्हणतो (शाळेच्या प्रिन्सिपलशी याचा संबंध नाही, हा खुलासा मला आमच्या बाईंसाठी करावा लागला) आणि जो ती माहिती गोळा करून वापरतो त्याला 'डेटा फिड्युशिअरी', म्हणजे माहितीचा विश्वस्त. माहिती आपल्याकडे ठेव म्हणून आली आहे, आपण तिचे मालक नाही, हा अर्थ या शब्दातच आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट, कशासाठी ते समजून दिलेली आणि बिनशर्त असावी, आणि ती दिली तितक्याच सहजपणे मागे घेता यावी, असे सहावे कलम सांगते. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. आमच्या बाईंच्या वर्गात नांदेडची, बिहारची, कलबुर्गीची मुले आहेत. वडील चाकणच्या नाहीतर भोसरीच्या कारखान्यांत कामाला. त्यांच्यासाठी इंग्रजी फॉर्म आणि 'इतर कारणांसाठी' हे दोन शब्द, दोन्ही या कसोटीला उतरत नाहीत. एवढ्यावरच तो फॉर्म नापास झाला.

आता माझ्या विषयाकडे येतो. व्यक्तिगत माहिती म्हणजे काय? कायदा म्हणतो, जिच्यामुळे किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते अशी कोणतीही माहिती. व्याख्या चांगली व्यापक आहे. पण 'ओळखता येते' हे ठरवायचे कसे? बहुतेकांना वाटते की नाव खोडले की माणूस लपला. शाळांमध्ये तर हे सर्रास चालते: नावे काढून, फक्त जन्मतारीख, मुलगा की मुलगी आणि गुण अशी यादी कोणा संस्थेला पाहणीसाठी दिली जाते. ही यादी किती निनावी आहे ते आपण मोजून पाहू.

समजा एका शाळेत १००० मुले आहेत, वये ६ ते १६. म्हणजे दहा वर्षांचे सुमारे ३६५० दिवस. मुलगे आणि मुली वेगळे धरले तर ७३०० खण झाले. प्रत्येक मूल आपल्या जन्मतारखेच्या खणात टाकायचे. आता एखादी मुलगी घ्या. तिच्या खणात दुसरे कोणी नसण्याची शक्यता किती? उरलेल्या ९९९ मुलांपैकी प्रत्येक मूल तिच्या खणात न पडण्याची शक्यता ७२९९/७३०० आहे. ही संख्या स्वतःशीच ९९९ वेळा गुणली की उत्तर येते सुमारे ०.८७. म्हणजे शंभरातली सत्याऐंशी मुले आपापल्या खणात एकटी आहेत. ज्याला त्या मुलाचा वाढदिवस माहीत आहे, आणि वर्गातल्या चॉकलेटांमुळे तो सर्वांना माहीत असतो, त्याला यादीतले त्या मुलाचे गुण लगेच सापडतील. नाव खोडून काहीही लपले नाही.

आता जन्मतारखेतला दिवस काढून टाका, फक्त महिना आणि वर्ष ठेवा. खण उरले २४०. तोच हिशेब केला तर एकटी पडणारी मुले हजारात सुमारे पंधरा. पाहणी करणाऱ्या संस्थेला दिवसाची गरज बहुधा नसतेच. एक स्तंभ आखूड केला आणि सत्याऐंशी टक्क्यांवरून आपण दीड टक्क्यावर आलो! नववी-दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना हा हिशेब जरूर करून घ्यावा.

अमेरिकेत लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात नेमके हेच दाखवले. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनी यांनी वीस डॉलर देऊन मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून खुद्द राज्यपालांच्या नोंदी शोधून काढल्या. एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसे एकेकटी ओळखता येण्याजोगी आहेत असा त्यांचा अंदाज होता. आपल्या काल्पनिक शाळेचेही ८७ आले हा निव्वळ योगायोग.

आपल्याकडे या हिशेबात एक मजेदार अडचण आहे, आणि ती शिक्षकांनीच निर्माण केलेली आहे. एक-दोन पिढ्यांपूर्वी मूल शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये सुरू होई, वय बरोबर बसे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी आहे. माझे वडीलही त्यातलेच. या गर्दीच्या खणात कोणीच एकटा नाही. गुरुजींनी नकळत त्या पिढीला थोडे झाकून ठेवले. (पुढे आधारच्या नोंदणीत नुसते वय सांगणाऱ्यांची तारीख १ जानेवारी झाली आणि दोन कागदांवरच्या दोन खोट्या तारखांचे भांडण सुरू झाले, ती वेगळी कथा.)

अशा प्रकारे निनावी केलेल्या माहितीतून माणसे पुन्हा शोधून काढणे हा २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात गुन्हा होता. २०२३ च्या कायद्यात ते कलम नाही. निनावी करणे म्हणजे काय, याची व्याख्याही नाही. संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गही गेला. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात आरोग्य, धर्म, जात, जमात, बोटांचे ठसे यांना जास्त कडक संरक्षण होते. आता मुलाची जात आणि मुलाच्या बुटाचा नंबर कायद्याच्या लेखी एकाच पायरीवर आहेत. ज्या समाजात दाखल्यावरच्या एका शब्दाने माणसाचे काय काय ठरते, तेथे ही पायरी कोणत्या विचाराने काढली हे मला समजले नाही. कायदा आखूड करताना शब्द वाचले खरे.

मुलांचे कलम नववे. अठरा वर्षांखालील सर्वांच्या बाबतीत पालकांची, पडताळून पाहता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागणुकीवर नजर ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे याला बंदी आहे. उद्देशाबद्दल वाद नाही. पण सहा वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा बारावीचा विद्यार्थी येथे एकाच मापाचे धरले आहेत. शिवाय पालक खरेच पालक आहेत हे पडताळायचे तर त्यांचीही ओळखपत्रे तपासावी लागणार. मुलाची माहिती राखण्यासाठी आईबापांची माहिती गोळा करायची, हा उपाय अनेक वाचकांना खटकेल.

शाळांना मात्र नियमांच्या चौथ्या अनुसूचीने सूट दिली आहे. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुलांचा माग ठेवणे आणि वागणुकीवर लक्ष ठेवणे, एवढ्यापुरती शाळेला पालकांची संमतीही नको आणि ती बंदीही लागू नाही. वरकरणी हे रास्त वाटते, हजेरीसाठी कोण संमती मागत बसेल? पण 'सुरक्षितता' हा शब्द फार ताणता येतो. वर्गातला कॅमेरा, चेहरा ओळखून घेतलेली हजेरी, मूल किती वेळ पडद्याकडे बघत होते याचा अहवाल, सगळे त्यात बसवता येईल. आणि या वस्तू शाळा स्वतः बनवत नाही, विकत घेते. माहिती कंपनीच्या संगणकावर जाते. कायदा म्हणतो की अशा वेळी जबाबदारी विश्वस्ताची, म्हणजे शाळेची. कंपनीशी करार कोणी वाचला आहे, असे बाईंना विचारले. त्या हसल्या.

सरकारचे काय? येथे कायदा एकदम सैल होतो. महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढे २०१५ साली 'सरल' प्रणाली आली आणि राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद संगणकावर भरण्याचे काम शिक्षकांच्या गळ्यात पडले. मग यू-डायस प्लस, आणि आता बारा अंकी 'अपार' क्रमांक. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे स्पष्ट सांगितले होते. प्रत्यक्षात २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी आधार वैध झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या धरण्याचे शिक्षण विभागाने ठरवले. म्हणजे आधार जुळले नाही तर पटावर मूल असूनही मोजायचे नाही, आणि पट कमी भरला तर शिक्षकाचे पद जायचे. नावातल्या एका वेलांटीसाठी शिक्षक पालकांना घेऊन आधार केंद्रांच्या रांगेत उभे राहिले, हे वाचकांपैकी अनेकांनी स्वतः केले असेल. अशा वेळी पालकाची संमती 'मोकळेपणाने' दिलेली आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? संमती मागणाऱ्याचीच नोकरी त्या सहीवर अवलंबून आहे.

कायद्याचे सातवे कलम सवलती, शिष्यवृत्त्या, दाखले, परवाने यांसाठी शासनाला पुन्हा संमती न मागता माहिती वापरू देते. सतरावे कलम त्याहून पुढे जाते. सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही शासकीय यंत्रणेला हा कायदा लागूच नाही असे अधिसूचनेने ठरवू शकते. नोंद पुसून मागण्याचा हक्कही शासनाविरुद्ध चालत नाही. आणि तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमणार, दोन वर्षांच्या मुदतीवर. देशातला सर्वांत मोठा माहितीधारक शासन आहे. प्रयोगात ज्या नमुन्याची चाचणी करायची तोच नमुना बाजूला काढून ठेवला तर त्या प्रयोगाला आम्ही काय म्हणू?

सतराव्या कलमातच माझ्यासारख्यांनाही सूट आहे. संशोधन, अभिलेख किंवा सांख्यिकी यांसाठी माहिती वापरली, तिच्यावरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळली, तर कायदा लागू नाही. ही सूट मला हवी आहे, हे प्रांजळपणे सांगतो. दहा वर्षांपूर्वी नमुना दिलेल्या प्रत्येक माणसाला पुन्हा शोधणे शक्य नसते. अभिलेखांचेही तेच. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरे कपाटांतून बाहेर आली. कोणा गुरुजींनी शाईने लिहिलेली ती जात आज नातवंडांच्या कामाला येते आहे. त्या काळी 'काम संपले, नोंद पुसा' असा दंडक असता तर? तेव्हा माहिती राखण्याचे आणि पुसण्याचे असे दोन्ही हक्क एकमेकांना धरून आहेत, आणि कायद्याने त्यांच्यातली सीमा आखताना घाई केली आहे असे माझे मत झाले.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. चव्वेचाळिसाव्या कलमाने माहिती अधिकार कायदा, २००५ मधले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी एखाद्याची व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणे म्हणजे खासगीपणावर विनाकारण आक्रमण, असे दाखवावे लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असेही तेथे लिहिले होते. आता 'व्यक्तिगत माहिती' एवढेच कारण पुरेसे आहे. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देता येईल असे कलम ८(२) शिल्लक आहे आणि सरकार त्याकडे बोट दाखवते. ते खरे आहे. पण तेथे ते हित अर्जदाराने पटवून द्यायचे आणि पटले की नाही हे अधिकाऱ्याने ठरवायचे. मुळात अकोल्याच्या एका सरकारी अधिकाऱ्याबद्दलच्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच कर्मचाऱ्याच्या नोटिसा, मालमत्ता वगैरे व्यक्तिगत ठरवल्या होत्या. दार तेव्हाच अर्धे लोटले गेले होते.

शिक्षकांना हे परके वाटू नये. २०२५ साली नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी तयार करून, पात्रता नसलेल्यांना शिक्षक म्हणून पगार दिल्याचे प्रकरण उघडकीला आले. समजा एखाद्या गावातल्या पालकाने विचारले की आमच्या शाळेतल्या या शिक्षकाची पदविका खरी आहे का, नेमणुकीचा आदेश दाखवा. 'व्यक्तिगत माहिती' असे एका ओळीचे उत्तर आता देता येईल. केंद्राच्या कायद्याआधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केलेल्या महाराष्ट्रात हे घडावे!

आणि आता ती तारीख. माहिती अधिकारातला हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू झाला. मुलांचे संरक्षण, संमती, दुरुस्तीचा हक्क यांना मात्र अठरा महिन्यांची मुदत. संस्थांना तयारीला वेळ हवा हे मान्य, पण नागरिकाकडून काढून घ्यायला तयारी लागली नाही.

दंडाचे आकडे डोळे दिपवतात. माहिती नीट न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला काही नाही, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्यातले नुकसानभरपाईचे कलम ४३-अ याच कायद्याने रद्द व्हायचे आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत दंड आहे. कलबुर्गीहून आलेला तो बाप तक्रार करील का?

कायद्याच्या व्याप्तीबद्दल एक गोष्ट बाईंना विशेष आवडली. तो फक्त संगणकीय माहितीला, किंवा कागदावरून संगणकावर घेतलेल्या माहितीला लागू आहे. त्यांच्या कपाटातल्या हजेरीपटाला नाही. पण त्याच हजेरीपटाचा फोटो काढून वर्गाच्या गटावर टाकला की तो लागू होणार, आणि वर्गाचा गट हे घरगुती काम नव्हे, तेव्हा ती पळवाटही नाही. चाचणीच्या गुणांची सबंध वर्गाची यादी त्या दर शनिवारी गटावर टाकत असत. ते त्यांनी त्या रात्रीच बंद करायचे ठरवले.

मग आम्ही दोघांनी बसून तो फॉर्म पुन्हा लिहिला, मराठीत. सतरा गोष्टींपुढे प्रत्येकी एक प्रश्न: ही कशासाठी, कोणाकडे जाणार, किती दिवस राहणार? नऊ गोष्टींपुढे काहीच लिहिता आले नाही, त्या खोडल्या. बसच्या ठेकेदाराला मुलाची जात आणि आधार क्रमांक का हवा, हे बाईंनाही सांगता येईना. छायाचित्रांसाठी वेगळी सही ठेवली, 'नको' म्हणण्याच्या चौकटीसह. हिंदी प्रत त्यांनी केली, कन्नडसाठी एका पालकाला विचारणार होत्या.

आठवड्याने जिन्यात भेटल्या. मुख्याध्यापकांनी ठेकेदाराचा रकाना काढायला लगेच मान्यता दिली. छायाचित्रांची 'नको' ची चौकट मात्र संस्थेला पसंत नाही, स्नेहसंमेलनाच्या पुस्तिकेची अडचण होते म्हणे. त्यावर पुढच्या पालकसभेत चर्चा आहे.